यादीत नाव नसलेलं ग्राफिक्स कार्ड

२०२३ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तुळशीची लग्नं तोंडावर आली की कराडातल्या फोटो स्टुडिओवाल्यांची पळापळ सुरू होते आणि त्यांच्यामागोमाग आम्हा दुरुस्तीवाल्यांची. असंच एक जुनं गिऱ्हाईक सकाळी सकाळी कॅबिनेट काखोटीला मारून दुकानात आलं. सोबत एक नवी कोरी एसएसडी, अजून पाकिटातच.

"दादा, हार्डडिस्क लई कुरकुरायला लागलीया. ही टाका, विंडोज नवीन मारा आणि एडिटिंगचं नवं व्हर्जन चालू करून द्या. परवा प्री-वेडिंगचा व्हिडिओ द्यायचाय."

दीड-दोन तासांचं काम. मी दुपारी चारला न्यायला या म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात पुढचे दोन दिवस त्यात गेले. ते कसे गेले हे लिहून ठेवतोय, कारण चुका जवळपास सगळ्या माझ्याच होत्या आणि प्रत्येक चूक अगदी नियमाला धरून केलेली होती.

यंत्र

चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, साडेचारशे वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. ग्राफिक्स कार्ड २०२१ मध्ये ऑनलाइन मागवलेलं, एका विक्रेत्याकडून, साडेपाच हजारांना. पंख्यावर आणि खोक्यावर ठळक अक्षरात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. खोकंही त्यांनी जपून ठेवलं होतं.

किंमत ऐकून आज शंका येईल. पण २०२१ आठवून बघा. कॉम्प्युटरवर क्रिप्टो नाणी खोदणाऱ्यांनी बाजारातली कार्डं उचलली होती, नवी कार्डं दुप्पट-तिप्पट भावाने जात होती. २०१६ मध्ये आलेलं हे १०५० टीआय त्या टंचाईत एनव्हिडियाने पुन्हा बाजारात सोडलं होतं. त्यामुळे जुन्या मॉडेलचं कार्ड नव्या खोक्यात दिसणं यात त्या वर्षी कुणाला वावगं वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही.

या प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढलं तरी मदरबोर्डच्या पोर्टवर डिस्प्ले येतो. पुढे याचा फार उपयोग झाला, आणि याच्यामुळेच मी चकलोही.

पहिला दिवस

एसएसडी बसवली, विंडोज १० चं ६४-बिट, २२एच२ टाकलं. पंचवीस मिनिटांत डेस्कटॉप आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या हार्डवेअरच्या विंडोजच्या यादीत, कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर'. नव्या विंडोजवर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, टाकेपर्यंत हेच दिसतं, त्यात नवल नाही. एनव्हिडियाच्या साइटवर जाऊन यादीतून १०५० टीआय निवडलं, त्या वेळचा ताजा, ५४६ च्या मालिकेतला ड्रायव्हर उतरवला, चालवला. तपासणीची पट्टी अर्ध्यावर गेली आणि थांबली: इन्स्टॉलर पुढे जाऊ शकत नाही, या ड्रायव्हरला जुळणारं ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही.

हा संदेश दुरुस्तीवाल्यांना पाठ असतो आणि त्याची नेहमीची कारणंही. कुणी लॅपटॉपचा ड्रायव्हर डेस्कटॉपवर उतरवलेला असतो. कुणाचं विंडोज ३२-बिट असतं, ज्याच्यासाठी एनव्हिडियाने २०१८ नंतर नवे ड्रायव्हर काढणंच बंद केलं. कुणाचं विंडोज इतकं जुनं असतं की नवा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही. इथे यातलं काहीच नव्हतं. फाइल अर्धवट उतरली असेल म्हणून पुन्हा उतरवली. तोच संदेश.

मग मी पुस्तकाप्रमाणे गेलो. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे छोटं साधन पेनड्राइव्हवर असतंच. लॅनची वायर काढली. हे साधन वापरताना इंटरनेट बंद ठेवा असं सगळेच सांगतात, नाहीतर आपण एकीकडे साफ करतो आणि विंडोज दुसरीकडून स्वतःच्या मनाचा ड्रायव्हर आणून बसवतं. विंडोजला ड्रायव्हर आपोआप आणू न देण्याचा पर्यायही त्यात आहे, तोही चालू केला. सेफ मोडमध्ये जाऊन एनव्हिडियाचा मागमूस पुसला. खरं तर ताज्या विंडोजवर पुसण्यासारखं काही नव्हतंच. परत इन्स्टॉलर चालवला. तोच संदेश.

ही लॅनची वायर लक्षात ठेवा. मी ती पुढचे दोन दिवस लावलीच नाही. ड्रायव्हरच्या फायली दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणत राहिलो, आणि फार काळजीपूर्वक काम करतोय याचं समाधान मानत राहिलो.

कार्ड काढलं. सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, स्लॉटमध्ये ब्लोअर मारला, पुन्हा बसवलं. सहा पिनचा पॉवरचा कनेक्टर नीट दाबला. एसएमपीएसला सहा पिनची वायर नव्हती म्हणून विक्रेत्याने मोलेक्सचा कन्व्हर्टर सोबत दिला होता, तोही तपासला. मॉनिटर कार्डाच्या पोर्टला जोडला आणि त्या निळ्या प्लगचे दोन्ही बाजूंचे स्क्रू माझ्या बोटांनी पिळून घट्ट केले.

या एका परिच्छेदात दोन पुरावे माझ्या हातातून गेले. दुसरा तर मी स्वतः स्क्रूने आवळून बसवला.

तिसरा पुरावा संध्याकाळी आला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये, जाऊन मी सीएसएम बंद केलं. सीएसएम म्हणजे नव्या धाटणीच्या यूईएफआय बायोसने जुन्या पद्धतीच्या डिस्क आणि कार्डं सांभाळून घ्यायची सोय. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलंय, तर सगळंच शुद्ध करून पाहू असा विचार. सेव्ह करून बाहेर पडलो तर कार्डावर काळोख, डिस्प्ले फक्त मदरबोर्डच्या पोर्टवर. सीएसएम चालू केलं की कार्ड परत जागं. म्हणजे या कार्डाच्या बायोसला यूईएफआयची भाषाच येत नव्हती. पास्कल पिढीच्या, म्हणजे १०५० टीआयच्या पिढीच्या कार्डाला ती यायलाच हवी. मी काय केलं? "एच८१ आहे, जुना बोर्ड आहे, चालायचंच," असं म्हणून सीएसएम चालू ठेवलं आणि पुढे गेलो. जुन्या बोर्डावर खापर फोडणं फार सोपं असतं, तो काही उलट बोलत नाही.

रात्री आठपर्यंत आणखी तीन जुने ड्रायव्हर टाकून पाहिले, ५१६, ४७२ आणि ४५६ मालिकेतले. तिघांनीही तेच उत्तर दिलं. स्टुडिओवाल्यांचे दोन फोन येऊन गेले होते. तिसरा मी उचलला नाही.

जुनी हार्डडिस्क

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, कार्डच गेलं असेल. बघायचा सोपा मार्ग होता. त्यांची कुरकुरणारी जुनी हार्डडिस्क बाजूलाच पडली होती, तिच्यावरचं विंडोज अजून शाबूत होतं. एसएसडी काढून ती लावली. चार मिनिटं घेतली, पण चालू झाली. पूर्ण रिझोल्यूशन, स्वच्छ डिस्प्ले. डिव्हाइस मॅनेजर उघडला: एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय. पिवळं चिन्ह नाही, तक्रार नाही.

इथे मी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. कार्ड ठणठणीत आहे, तेच कार्ड, तोच बोर्ड, तोच स्लॉट. बदललंय फक्त विंडोज. म्हणजे दोष नव्या विंडोजमध्ये. मी एसएसडी परत लावली आणि दुसऱ्या आयएसओवरून, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या दुसऱ्या फाइलवरून, विंडोज पुन्हा टाकलं. पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा तोच संदेश. अकरा वाजले.

चहा आला. चहा पिताना एक साधी गोष्ट डोक्यात आली, जी आदल्या दिवशीच यायला हवी होती. जुन्या डिस्कवर ड्रायव्हर चालतोय ना, मग तो कुठला आहे ते तरी बघू. परत डिस्कची अदलाबदल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर डबल क्लिक, ड्रायव्हरचा टॅब. तारीख मार्च २०१८. आवृत्ती २३.२१.१३.९१३५.

विंडोज एनव्हिडियाचा ड्रायव्हर असा लांबलचक आकड्यात दाखवतं. त्यातले शेवटचे पाच अंक घ्यायचे आणि शेवटच्या दोनांच्या आधी टिंब द्यायचं. ३९१.३५.

हा आकडा दिसला आणि कप खाली ठेवला. ३९१.३५ म्हणजे फर्मी पिढीची शेवटची एसटी. २०१० आणि २०११ मधली चारशे आणि पाचशे क्रमांकांची कार्डं, त्यांना एनव्हिडियाने सांभाळलं ते इथपर्यंत. त्यानंतरच्या ड्रायव्हरमधून त्यांची नावं वगळली गेली. जुनी कार्डं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा आकडा स्वतःच्या गाडीच्या नंबरासारखा पाठ असतो. तसा ३९१.३५ मध्ये १०५० टीआयही चालतं, त्यात पास्कल पिढीही आहे. पण २०२१ मध्ये घेतलेल्या कार्डावर कुणी तीन वर्षं जुना ड्रायव्हर मुद्दाम का टाकेल? आणि नेमका हाच का?

स्टुडिओवाल्यांना फोन लावला. कार्ड आलं तेव्हा ड्रायव्हर कुणी टाकला होता?

"मीच टाकला की. त्या विकणाऱ्यानं पेनड्राइव्ह दिला होता खोक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पण पाठवला होता. रिस्टार्ट करताना शिफ्ट दाबायचं, मग निळ्या स्क्रीनवर सात नंबर दाबायचा, मग ड्रायव्हर टाकायचा. अन् म्हणाला, परत कधी अपडेट करू नका, कार्ड जळंल."

सात नंबर. विंडोज १० च्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये सातवा पर्याय ड्रायव्हरच्या सहीची सक्ती त्या एका वेळेपुरती बंद करण्याचा असतो. सही म्हणजे ड्रायव्हर अस्सल आहे हे सांगणारा डिजिटल शिक्का. ६४-बिट विंडोज सही नसलेला किंवा सही झाल्यावर कुणी हात लावलेला ड्रायव्हर बसवू देत नाही. एनव्हिडियाच्या अस्सल ड्रायव्हरला हे सात नंबरचं दार कधीच लागत नाही. ते लागतं तेव्हा पॅकेटमध्ये कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं.

नाव कुठून येतं

ड्रायव्हर बसताना आत काय घडतं ते इथे सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं.

प्रत्येक पीसीआय कार्ड स्वतःची ओळख दोन आकड्यांत सांगतं: कंपनीचा आकडा आणि चिपचा आकडा. कंपनीचा आकडा एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. इंटेलने स्वतःच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच नंबर घेतला, ही एक गंमत. चिपचा आकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा. १०५० टीआयचा १सी८२.

या आकड्यांत नाव कुठेच नाही. "जीटीएक्स १०५० टीआय" हे शब्द डिव्हाइस मॅनेजरला ड्रायव्हरसोबतची आयएनएफ नावाची साधी मजकूर फाइल पुरवते. तिच्यात एक लांब यादी असते: अमुक आकडा असेल तर हा ड्रायव्हर लावा, आणि त्याला हे नाव द्या. मतदान केंद्रावर जशी यादी असते तसं. तुमचं नाव यादीत नसेल तर तुम्ही कितीही खरे असा, आत सोडत नाहीत. ५४६ च्या इन्स्टॉलरने कार्डाचा आकडा वाचला, यादीत शोधला, सापडला नाही म्हणून सांगितलं. पहिल्या मिनिटापासून तो खरं बोलत होता. मी मात्र दोन दिवस त्याला खोटा ठरवत होतो, कारण खोक्यावर वेगळं छापलेलं होतं.

जुन्या डिस्कवरच डिव्हाइस मॅनेजरमध्ये तपशिलाचा टॅब उघडला आणि हार्डवेअर आयडी निवडला. पहिली ओळ: व्हेन १०डीई, डेव्ह ०डीसी४.

१सी८२ नाही. ०डीसी४. हा जीफोर्स जीटीएस ४५० चा आकडा.

आता आयएनएफ फाइल बघायची खाज सुटली. बसवलेल्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फायली विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये 'ओईएम' आणि पुढे क्रमांक अशा नावांनी पडलेल्या असतात. नोटपॅडमध्ये उघडून ०डीसी४ शोधलं. वरच्या भागात आकडा जागेवर होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. खाली, नावांच्या यादीत, ०डीसी४ च्या पुढे बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात लिहिलेलं: एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एनव्हिडियाच्या साइटवरून अस्सल ३९१.३५ उतरवला, उघडला, तीच ओळ काढली. तिथे होतं: एनव्हिडिया जीफोर्स जीटीएस ४५०. दोन्ही नोटपॅड शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. एवढीच करामत. कुणीतरी एका ओळीतले काही शब्द पुसून दुसरे लिहिले, फाइल सेव्ह केली, त्यामुळे तिची सही मोडली, आणि मोडलेली सही चालवून घ्यायला सात नंबरचा व्हिडिओ बनवला. अपडेट करू नका, कार्ड जळेल, ही धमकीही त्यासाठीच. अपडेटने कार्ड जळालं नसतं, नाव जळालं असतं.

मग एसएसडी परत लावली आणि अस्सल ३९१.३५ चालवला. सात नंबर नाही, काही नाही. पट्टी सरळ पुढे सरकली, स्क्रीन दोन सेकंद काळी झाली आणि स्वच्छ होऊन परत आली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएस ४५०. मेमरी १ जीबी.

त्या लॅनच्या वायरीकडे येऊ. पहिल्या दिवशी मी ती लावून ठेवली असती आणि विंडोजला ड्रायव्हर आणायला मनाई केली नसती, तर विंडोज अपडेटने आकडा वाचून फर्मीचा जुना ड्रायव्हर स्वतःच आणून बसवला असता आणि कार्डाचं खरं नाव दुपारच्या जेवणाआधी माझ्यासमोर मांडलं असतं. इंटरनेट तोडून मी खरं सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं होतं. तो सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्या दुखण्यासाठी आहे ते दुखणं इथे नव्हतं.

खात्री

आकडा पुरेसा होता, तरी गिऱ्हाइकाला दाखवायला डोळ्यांना दिसेल असं काही हवं. जुन्या डिस्कवर टेकपॉवरअपचं जीपीयू-झेड, कार्डावरच्या चिपची माहिती दाखवणारं साधन, चालवलं. या साधनात ऑक्टोबर २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखायची सोय आहे, कारण हा उद्योग तेव्हाच जगभर बोकाळला होता. नावाच्या आधी कंसात 'फेक' आणि वर पिवळा त्रिकोण. खाली चिप जीएफ१०६, ४० नॅनोमीटर, १९२ शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले छोटे भाग), बाजारात आल्याचं वर्ष २०१०. अस्सल १०५० टीआयमध्ये जीपी१०७ चिप असते, १४ नॅनोमीटरची, ७६८ शेडरची. कार्डाच्या बायोसचा क्रमांक ७०.०६ ने सुरू होत होता. जीपी१०७ चा ८६.०७ ने होतो. यूईएफआयच्या चौकटीत खूण नव्हती. आदल्या संध्याकाळचा काळोख आठवला.

शेवटी कूलर उघडला. मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू काढले, कूलर हलकेच पिळून सोडवला. थर्मल पेस्ट वाळून उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळलेली. अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पुसत गेलो तशी चिपवरची अक्षरं वर आली: जीएफ१०६-२५०. त्याखाली चार आकडे, १०४३. दोन आकडे वर्षाचे, दोन आठवड्याचे, म्हणजे २०१० चा त्रेचाळिसावा आठवडा. नवीन म्हणून विकलेल्या वस्तूचं वय तेव्हाच अकराच्या आसपास होतं. पंखा आणि त्यावरचा स्टिकर मात्र नवा होता, तेवढा भाग खरा.

आता आधी सुटलेले दोन पुरावे. एक, सहा पिनचा कनेक्टर. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते, म्हणून बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. काही जास्त वेगाच्या मॉडेलांना असते, त्यामुळे एकट्या त्याच्यावरून फाशी देता येत नाही. जीटीएस ४५० मात्र १०६ वॉटचं, त्याला ती वायर लागतेच.

दुसरा पुरावा त्यापेक्षा पक्का. निळं पोर्ट. व्हीजीए, मॉनिटर जोडायची जुनी, अ‍ॅनालॉग पद्धत. एनव्हिडियाने पास्कल पिढीपासून अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलं. एक हजार क्रमांकाच्या कुठल्याही अस्सल कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट असूच शकत नाही. डीव्हीआय असलं तरी ते नुसतं डिजिटल, त्यातून साधा पिनबदल करूनही व्हीजीए निघत नाही. यासाठी ना सॉफ्टवेअर लागतं, ना स्क्रूड्रायव्हर. कॅबिनेट उलटं फिरवलं की दिसतं. अठरा वर्षं या धंद्यात आहे आणि त्या पोर्टचे स्क्रू मी स्वतः आवळले.

एक सावधगिरी सांगतो, कारण सगळी बनावट कार्डं इतकी भोळी नसतात. काहींमध्ये कार्डाच्या बायोसलाच हात घातलेला असतो. तिथे इन्स्टॉलर फसून ड्रायव्हर बसवतोही, मग रिस्टार्टनंतर काळी स्क्रीन, निळी स्क्रीन किंवा कोड ४३ येतो. कोड ४३ म्हणजे विंडोजने एवढंच म्हणणं की या यंत्राने स्वतःच बिघाड कळवला म्हणून मी ते थांबवलं. अस्सल कार्ड गरम होऊन मेलं तरी हाच कोड येतो, म्हणून कोडवरून निवाडा करू नये. तिथे हार्डवेअर आयडीवरही भागत नाही, जीपीयू-झेड आणि शेवटी कूलर उघडणं, हेच.

पुढे काय झालं

संध्याकाळी स्टुडिओवाले आले. मी दोन नोटपॅड, जीपीयू-झेडचा पिवळा त्रिकोण आणि पुसलेली चिप दाखवली. चिपवर मोबाइलचा टॉर्च मारून त्यांनी अक्षरं वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मागल्या दोन वर्षांत एक्सपोर्ट करताना मधीच बंद पडायचं, ते याच्यामुळं?"

सगळंच याच्यामुळे असं मी छातीठोक सांगणार नाही. पण कार्ड ४ जीबीचं आहे असं धरून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला कामाला लावायचं आणि त्याच्या हातात प्रत्यक्षात १ जीबी द्यायची, तर ते मधे मान टाकणारच. नव्या व्हर्जनला नवा ड्रायव्हर हवा होता आणि या कार्डासाठी ३९१.३५ च्या पुढे काहीच नव्हतं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं, साध्या डिस्प्लेला चाललं असतं, पण त्यांच्या कामाचं नव्हतं.

तक्रारीचं काय? विक्रेत्याचं खातं त्या साइटवर सापडेना, नंबर बंद. खरेदी जुलै २०२१ ची, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. फसवणूक आत्ता कळली म्हणून मुदत आत्तापासून मोजायची का, हा वकिलाचा प्रश्न. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी लिहून दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, पण लग्नसराईत ते फोन करत बसतील असं मला काही वाटलं नाही.

त्याच रात्री व्हिडिओचं काम इंटेलच्या ग्राफिक्सवर, रांगत रांगत, एकदाचं झालं. दोन दिवसांनी त्यांनी पुण्याहून जीटीएक्स १६५० आणलं, पक्क्या बिलासकट. या वेळी मी खोकं बाजूला ठेवलं. कार्ड लावलं, लॅनची वायर लावलेलीच होती, आणि ड्रायव्हर टाकायच्या आधी हार्डवेअर आयडी उघडला. १०डीई, १एफ८२. बरोबर. मगच ड्रायव्हर. पाच मिनिटांत बसला. नव्या कार्डाला निळं पोर्ट नसल्यामुळे त्यांच्या जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआयचा कन्व्हर्टर घ्यावा लागला, तेवढा जादा खर्च.

बिल मी दीड तासाचंच लावलं. बाकीचे दीड दिवस माझ्या शिक्षणाच्या खात्यावर.

निघताना ते दारात घुटमळले. "दादा, त्याच माणसाकडनं आमच्या शेजारच्या स्टुडिओवाल्यानं पण घेतलंय. मीच सांगितलं होतं त्याला घ्यायला."

दुसऱ्या दिवशी शेजारी आला. कॅबिनेट टेबलावर ठेवायच्या आधीच मी मागची बाजू बघितली. निळं पोर्ट. चालू करून आयडी काढला तर तो मात्र वेगळा निघाला: १२४४, म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. निदान त्याच्या स्टिकरवरचं 'टीआय' तरी खरं होतं.